गास्कोनीतला कोंबडा : झ्यूल जिलिएरों यांच्या भाषानकाशाचे एक प्रकरण

फ्रान्सच्या नैऋत्येला गारोन नदी, पिरेनीज पर्वत आणि अटलांटिक महासागर यांच्या बेचक्यात गास्कोनी हा प्रदेश येतो. १९००च्या सुमारास तिथल्या खेड्यापाड्यांत कोंबड्याला वेगवेगळी नावे होती. काही गावांत ‘बिगे’, काहींत ‘अझान’, तर काहींत ‘पुट’. ‘बिगे’ हा लॅटिन ‘विकारियुस’चा वंशज, म्हणजे पाद्रीबाबांचा मदतनीस किंवा जुन्या काळातला गावचा अधिकारी. ‘अझान’ हे मुळात फेझंट पक्ष्याचे नाव, आणि ‘पुट’ हे कोंबडीच्या पिल्लाचे. कोंबड्याचा लॅटिनमधला सरळ शब्द ‘गाल्लुस’. पूर्वेला लागूनच असलेल्या लांगदोकमध्ये तो ‘गाल’ या रूपात नांदत होता. गास्कोनीच्या मोठ्या भागातून मात्र तो साफ गेला होता.

तो का गेला याचे उत्तर झ्यूल जिलिएरों आणि मारिओ रॉक यांनी १९१२ मध्ये दिले. रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, भाषांच्या अभ्यासात हे उत्तर इतके गाजले की आज भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षातही ते शिकवतात. पण शिकवताना बहुतेक वेळा उत्तर तेवढे सांगितले जाते आणि ते जिलिएरों यांच्या फ्रान्सच्या बोलींच्या ज्या नकाशासंग्रहातून निघाले तो कसा तयार झाला हे गाळले जाते. कोंबड्याच्या उत्तराची ताकद आणि त्यातली भोके दोन्ही त्या नकाशांच्या घडणीत आहेत. म्हणून आधी माणूस, मग पाहणी, आणि मग कोंबडा, असा क्रम इथे घेतला आहे.

जिलिएरों यांचा जन्म १८५४चा, स्वित्झर्लंडमधल्या ला नव्हव्हील गावचा. शिक्षण पॅरिसला, मध्ययुगीन फ्रेंचचे मोठे अभ्यासक गास्तों पारिस यांच्या हाताखाली. १८८०च्या सुमारास त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या व्हाले खोऱ्यातल्या एका गावाच्या बोलीचे वर्णन केले आणि त्याच खोऱ्याचा एक छोटा ध्वनिनकाशासंग्रहही काढला. पुढच्या सगळ्या कामाचे बीज या लहान पुस्तकात आहे. १८८३ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२६ पर्यंत, ते पॅरिसच्या एकोल प्रातीक दे ओत-एत्यूद या संस्थेत बोलीविज्ञान शिकवत राहिले. आबे रुस्लो हे ध्वनिविज्ञानाचे अभ्यासक त्यांचे सहकारी. दोघांनी मिळून १८८७ मध्ये फ्रान्सच्या बोलींसाठी एक नियतकालिक सुरू केले आणि बोलींचे उच्चार टिपण्यासाठी एक लेखनपद्धती ठरवली. पद्धतीचा आधार फ्रेंच अक्षरांचा. विवृत-संवृत स्वर, अनुनासिके, अर्धवट ऐकू येणारे ध्वनी यांच्यासाठी वरखाली चिन्हे आणि बारीक अक्षरे. पुढे सगळा नकाशासंग्रह याच लिपीत छापला गेला.

१८८८ मध्ये गास्तों पारिस यांनी एका व्याख्यानात आवाहन केले होते की फ्रान्सच्या प्रत्येक गावाने आपापल्या बोलीचे वर्णन करावे. कल्पना सुंदर, पण फ्रान्समध्ये छत्तीस हजारांवर ग्रामपंचायती. तेवढे वर्णनकार कुठून आणायचे? आणले तरी प्रत्येकाचा कान वेगळा, लिहिण्याची तऱ्हा वेगळी. तिकडे जर्मनीत गेओर्ग वेंकर यांनी १८७६ पासून दुसरी वाट धरली होती. त्यांनी वाक्यांचा कागद छापून शाळामास्तरांना टपालाने पाठवला. पुढे वाक्यांची संख्या चाळीसवर स्थिरावली आणि चाळीस हजारांवर शाळांतून उत्तरे आली. गावे भरपूर मिळाली, पण मास्तरांनी आपली बोली रोजच्या जर्मन अक्षरांत जमेल तशी उतरवली. एखाद्याने लिहिलेला स्वर नक्की कोणता, हे कार्यालयात बसून कळायला मार्ग नव्हता.

जिलिएरों यांनी नेमके उलटे केले. गावे थोडी, प्रश्न पुष्कळ, आणि ऐकणारा कान एकच.

तो कान एदमों एदमों यांचा. (नाव आणि आडनाव फ्रेंचमध्ये वेगळे लिहितात, उच्चार मात्र एकच.) उत्तर फ्रान्समधल्या सँ-पोल-स्यूर-तेर्नवाज गावचे हे गृहस्थ १८४९ साली जन्मलेले. भाषाविज्ञानाची पदवी नाही. पाठ्यपुस्तकांत त्यांची ओळख ‘वाणी’ (किराणा दुकानदार) अशी करून दिली जाते. पण स्वतःच्या गावच्या बोलीचा कोश त्यांनी केला होता आणि कान विलक्षण तिखट होता. पाहणीला १८९७ मध्ये निघाले तेव्हा वय अठ्ठेचाळीस. १९०१ पर्यंत त्यांनी ६३९ ठिकाणे केली. फ्रान्सबरोबरच बेल्जियमचा वालोनी भाग, फ्रेंचभाषक स्वित्झर्लंड, इटलीतल्या आल्प्सच्या काही दऱ्या आणि इंग्लिश खाडीतली बेटेही त्यात आली. ठिकाणांचे जाळे जिलिएरों यांनी साधारण सारख्या अंतरावर टाकले होते. फ्रान्सच्या एकूण गावांच्या मानाने ही संख्या दोन टक्क्यांच्याही आत पडते.

एदमों यांनी भाषाविज्ञान शिकलेले नसणे ही जिलिएरों यांच्या लेखी उणीव नव्हती, अटच होती. शिकलेला माणूस ऐकताना मनात नियम लावतो. ‘इथे ‘ट’ यायला हवा’ असे त्याला वाटले की त्याला ‘ट’ ऐकूही येतो. एदमों उत्तरेच्या पिकार बोलीत वाढलेले. दक्षिणेच्या बोली त्यांना परक्या. त्यामुळे काय यायला हवे याची अपेक्षाच नव्हती.

पाहणीचे नियम कडक होते आणि ते समजून घेतल्याशिवाय नकाशे वाचू नयेत. प्रत्येक ठिकाणी शक्यतो एकच निवेदक, म्हणजे उत्तरे देणारा गावकरी. प्रश्न फ्रेंचमध्ये विचारायचा आणि त्याचे बोलीतले रूप ऐकून जागच्या जागी टिपायचे. पहिले उत्तर येईल ते घ्यायचे. पढवायचे नाही, सुचवायचे नाही, ‘असेही म्हणता का?’ असे विचारायचे नाही. मागच्या गावात काय मिळाले याच्याशी ताडून पाहायचे नाही, आणि तशी सोयच ठेवलेली नव्हती, कारण भरलेल्या वह्या पॅरिसला रवाना होत. जिलिएरोंही त्या सुधारत नसत. वहीत चमत्कारिक रूप असले तर नकाशावर ते चमत्कारिकच छापायचे.

या हट्टाचा हिशोब पाहण्याजोगा आहे. चार वर्षांच्या आत ६३९ ठिकाणे म्हणजे प्रवास धरून एका ठिकाणाला जेमतेम दोन दिवस. प्रश्नावली सुरुवातीला सुमारे १,४०० प्रश्नांची. म्हणजे दिवसाला सातशे प्रश्न, त्यात सुटे शब्द, क्रियापदांची रूपे, छोटी वाक्येही. समोर शेतकरी नाहीतर कारागीर. पाचशेव्या प्रश्नाला तो कंटाळलेला असणार आणि फ्रेंच शब्दच थोडा वाकवून परत देत असणार, ही शंका रास्त आहे आणि टीकाकारांनी ती पुढे घेतलीही. निवेदक एकूण सातशेच्या आसपास; त्यांत बायका अवघ्या साठेक. कोंबड्या, चूल, दूधदुभते हा बहुतेक घरांत बायकांचा कारभार. त्याची नावे पुरुषांकडून घेतली गेली, हे कोंबड्याच्या प्रकरणात विसरून चालत नाही.

पाहणी चालू असतानाच जिलिएरों प्रश्न वाढवत गेले आणि शेवटी आकडा १,९००च्या वर गेला. त्याचा परिणाम छापील संग्रहात उघड दिसतो. एकूण १,९२० नकाशे. त्यांतले पहिले १,४२१ सगळ्या प्रदेशाचे. पुढचे ३२६ फक्त दक्षिणार्धाचे. शेवटचे १७३ केवळ आग्नेय भागाचे, कारण ते प्रश्न सुचले तेव्हा एदमों बाकीचा देश पालथा घालून चुकले होते. प्रश्नावली खरी चांगली व्हायची तर ती पाहणी संपल्यावर करायला हवी होती, असे जिलिएरों यांनी नंतर स्वतःच लिहिले. क्षेत्रीय काम करणाऱ्या कोणालाही हे वाक्य विनोद वाटणार नाही.

छपाई १९०२ ते १९१० या काळात झाली, पॅरिसच्या ओनोरे शांपियों प्रकाशनाकडून, पस्तीस भागांत. नकाशाच्या पानावर रंग नाहीत, खुणा नाहीत. मोठ्या कागदावर विभागांच्या पुसट सीमा, प्रत्येक गावाचा क्रमांक आणि त्या क्रमांकाला चिकटून एदमों यांनी टिपलेले रूप जसेच्या तसे. वर फ्रेंच शब्द. एवढेच. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा मुंग्यांचा कागद वाटतो. पण सोपे करून रंगवलेल्या नकाशात संपादकाचे मत आधीच मिसळलेले असते. इथे ते नसल्यामुळे शंभर वर्षांनंतरचा वाचकही स्वतःची रेषा स्वतः ओढू शकतो.

आता कोंबडा.

लॅटिनमधून गास्कोन बोली घडताना एक बदल झाला, जो बाकीच्या दक्षिण फ्रान्समध्ये झाला नाही. शब्दाच्या शेवटी राहिलेल्या ‘ल्ल’चा ‘ट’ झाला. काही भागांत त्याचा ‘च’सारखा उच्चार आहे. सुंदर या अर्थाचा लॅटिन ‘बेल्लुम’ गास्कोनमध्ये ‘बेट’ होतो, किल्ला या अर्थाचा ‘कास्तेल्लुम’ ‘कास्तेट’ होतो, वासरू या अर्थाचा ‘वितेल्लुम’ ‘बेदेट’ होतो. पिरेनीजच्या पायथ्याशी तर विशेष्याआधी येणारे ‘तो’ या अर्थाचे उपपदसुद्धा ‘इल्लुम’पासून याच वाटेने ‘एट’ झाले आहे. दोन स्वरांच्या मध्ये मात्र ‘ल्ल’चा ‘र’ होतो. म्हणून ‘बेल्ला’चे ‘बेरा’ आणि ‘गाल्लिना’, म्हणजे कोंबडी, हिचे ‘गारिया’.

या हिशोबाने ‘गाल्लुम’चे काय व्हायला हवे? ‘गाट’. आणि मांजराला लॅटिनच्या उत्तरकाळात ‘काट्टुस’, ‘गाट्टुस’ म्हणत. त्याचेही दक्षिणेत ‘गाट’ झाले. म्हणजे ज्या परसात कोंबडा आणि मांजर दोघेही फिरतात तिथे दोघांचे नाव एक. दोन्ही पुल्लिंगी, दोन्ही घरचे, दोन्हींबद्दलची वाक्ये सारखीच: गाट आत शिरला, गाटाला हाकल, गाट कुठे गेला. लिंगाने, उपपदाने, प्रसंगाने कशानेच फरक पडत नाही. कोंबडीचा ‘गारिया’ही मदतीला येत नाही, कारण ध्वनिबदलाने नर-मादीच्या शब्दांतले साम्यच पुसून टाकले होते.

जिलिएरों आणि रॉक यांचा युक्तिवाद असा, की ही टक्कर बोलणाऱ्यांना सोसली नाही. कोंबड्यासाठी शेजारून, थट्टेतून, पिल्लाच्या नावावरून जो शब्द हाताशी आला तो उचलला गेला. पुरावा नकाशावर आहे. ज्या भागात शेवटच्या ‘ल्ल’चा ‘ट’ होतो, त्याच भागात ‘गाल्लुस’चा वंशज हरवलेला आहे, रेषा ओलांडली की ‘गाल’ पुन्हा सुरू. दोन सर्वस्वी वेगळ्या प्रश्नांच्या सीमा एकमेकींवर बसतात. अमेरिकन भाषावैज्ञानिक लेओनार्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ मध्ये हे उदाहरण घेतले तेव्हा जोर या जुळण्यावरच दिला.

हे स्वतः तपासून पाहता येते. संग्रहाच्या स्कॅन केलेल्या प्रती आज जालावर खुल्या आहेत. कोंबड्याचा नकाशा उघडावा आणि ‘गाल’ घराण्यातली रूपे असलेली ठिकाणे एका रंगाने खुणावीत. मग ज्यांच्या मुळाशी शेवटचा ‘ल्ल’ नक्की आहे असे दोन-तीन शब्द घ्यावेत, वासरू, कोकरू, सुंदर वगैरे, आणि ‘ट’ येणारी ठिकाणे दुसऱ्या रंगाने खुणावीत. एकाच शब्दावर भिस्त ठेवू नये, कारण एखादा शब्द शेजारच्या बोलीतून किंवा फ्रेंचमधून उसना आलेला असला तर रेषा खोटी पडते. शेवटी मांजराचा नकाशा घेऊन तिथे ‘गाट’ खरोखर आहे ना, हे पाहावे. ही तिसरी पायरी घाईत गाळली जाते. टक्कर सिद्ध करायची तर टक्कर देणारा दुसरा शब्द त्या गावात हजर असल्याचे दाखवावे लागते. वाचताना सीमेवरच्या गावांना जास्त वेळ द्यावा. आतली गावे सगळी एकसारखी बोलतात. सिद्धांत टिकतो की पडतो हे कडेवर ठरते.

मग मांजराने नाव का बदलले नाही? मांजराचा ‘गाट’ एकटा नव्हता. काताला भाषेत ‘गाट’, स्पॅनिशमध्ये ‘गातो’, लांगदोकमध्येही त्याच घराण्यातले रूप. बाजारात, लग्नसंबंधांत, गुरांच्या जत्रेत भेटणाऱ्या परगावच्या माणसाला तो कळत होता. कोंबड्याचा ‘गाट’ मात्र फक्त गास्कोनीचा. ज्याला बाहेरून आधार नव्हता तो पडला. हे स्पष्टीकरण पटते.

आक्षेप मात्र गंभीर आहेत. पहिला असा, की एकसारखे शब्द भाषेत सुखाने नांदतात. मराठीत ‘वर बघ’ म्हटले तर मान उचलायची की मुलीसाठी स्थळ शोधायचे? तरी ‘वर’ हा शब्द ना नवऱ्याने टाकला, ना दिशेने. याला उत्तर आहे. तिथे एक क्रियाविशेषण आहे, दुसरे नाम. प्रसंगही क्वचित एक असतो. शिवाय रोजच्या बोलण्यात आपण ‘स्थळ बघतोय’ असेच म्हणतो, हेही लक्षात घ्यावे. गास्कोनीत नाम, लिंग आणि परसही एकच. टक्कर शब्दांची असून भागत नाही, वाक्यांची व्हावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. नकाशा जागा दाखवतो, काळ दाखवत नाही. ‘बिगे’ आणि ‘अझान’ ही थट्टेतली नावे टक्कर होण्याआधीपासूनच असली तर? कोंबड्याला त्याच्या ऐटीवरून पाद्र्याचे वा अधिकाऱ्याचे नाव देण्याला मांजराची गरज नाही. मग टक्करीने नवा शब्द जन्माला घातला असे म्हणता येत नाही. आधीच असलेल्या दोन शब्दांपैकी कोणता टिकणार, एवढेच तिने ठरवले. आमच्या मते हेच जास्त संभाव्य आहे, आणि त्याने जिलिएरों यांचे म्हणणे कोसळत नाही, फक्त नेमके होते.

इथे आणखी एक गंमत. १९१९ मध्ये जिलिएरों यांनी ध्वनिनियमांवर उभ्या असलेल्या व्युत्पत्तीचे दिवाळे वाजले असे शीर्षकातच जाहीर केले. शब्दाचा इतिहास ध्वनींच्या हिशोबाने लागत नाही, प्रत्येक शब्दाच्या आजारांनी आणि उपचारांनी लागतो, हा त्यांचा उत्तरायुष्यातला घोष. पण गास्कोनीच्या कोंबड्याचा अख्खा पुरावा ‘ल्ल’चा ‘ट’ अपवाद न करता होतो यावरच उभा आहे. नियम ढिला असता तर ‘गाट’ गृहीत धरायलाच आधार नव्हता, कारण कोंबड्याच्या अर्थाचा ‘गाट’ त्या नकाशावर सापडत नाही. तो हिशोबाने काढावा लागतो. गुरूंनी नाकारलेल्या तत्त्वावर त्यांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चालते, हे त्यांच्या शिष्यांनी फारसे बोलून दाखवले नाही.

साहित्याबद्दलचे आक्षेप वेगळे. गास्कोन बोली आतून जाणणारे जॉर्ज मियार्दे यांनी गास्कोनीतल्या लांदच्या एका भागाचा स्वतंत्र छोटा नकाशासंग्रह १९१० मध्ये केला होता आणि १९२३ मध्ये त्यांनी जिलिएरों यांच्या पद्धतीवर सविस्तर टीका केली. परका कान अपेक्षेपासून मुक्त असतो हे खरे, पण अपरिचित बोलीत कोणता फरक अर्थाचा आणि कोणता केवळ त्या माणसाच्या दातांचा, हे त्याला कळत नाही. दुसरे, फ्रेंच शब्द देऊन बोलीतला शब्द मागितला की भाषांतर मिळते, आणि भाषांतर करणारा माणूस फ्रेंचच्या जवळ सरकतो.

भाषांतराचा हा दोष त्या काळच्या दुसऱ्या पद्धतीतही होता, आणि तिचा संबंध थेट मराठीशी येतो. एदुआर बूर्सिए यांनी १८९५च्या सुमारास गास्कोनीतल्या ४,४४४ गावांच्या मास्तरांकडून बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांताची बोलीतली रूपे गोळा केली. त्याच दशकात जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांची पाहणी हाती घेतली आणि नमुना म्हणून तोच दृष्टांत सरकारी अधिकाऱ्यांमार्फत जिल्ह्याजिल्ह्यांत धाडला. त्या पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड, स्टेन कोनो यांनी तयार केलेला, १९०५ मध्ये निघाला. कोकणापासून विदर्भापर्यंतची सगळी रूपे त्या उधळ्या पुत्राच्या तोंडून ऐकावी लागतात. व्याकरण तपासायला हा मार्ग चांगला, कारण सगळीकडे तेच वाक्य मिळते. पण बायबलमधल्या त्या दृष्टांतात कोंबडाही नाही आणि मांजरही नाही. शब्दांची टक्कर शोधायची तर एदमों यांच्यासारखी लांबलचक, कंटाळवाणी प्रश्नावली लागते. जिलिएरों शिकवत त्याच संस्थेच्या ग्रंथमालेत १९२० मध्ये झ्यूल ब्लोक यांचा मराठीच्या जडणघडणीवरचा प्रबंध निघाला आणि वा. गो. परांजपे यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला. पण ब्लोक यांचे काम ध्वनींच्या आणि रूपांच्या इतिहासाचे. एकोल प्रातीकमधली नकाशाची वाट त्या मार्गाने मराठीत आली नाही.

जिलिएरों यांच्या चुका सर्वांत आधी त्यांच्याच शिष्यांनी दुरुस्त केल्या. कार्ल याबेर्ग आणि याकोब युड या दोघा स्विस अभ्यासकांनी इटली आणि दक्षिण स्वित्झर्लंडचा संग्रह १९२८ ते १९४० या काळात काढला. पाहणी करणारे तीन, तिघेही भाषाशास्त्र शिकलेले. प्रश्नावली एक न ठेवता ठिकाणाप्रमाणे लहान, मध्यम आणि विस्तृत अशी तीन प्रकारची केली. प्रश्न वर्णानुक्रमाने न लावता विषयवार लावले, म्हणजे निवेदक गोठ्यात शिरला की गोठ्यातच राहतो. आणि पाउल शॉयरमायर यांनी नांगर, घागरी, चरख्यांची छायाचित्रे काढली, म्हणजे शब्दाबरोबर वस्तू कोणती हेही नक्की झाले.

गास्कोनीचे काम तुलूझच्या झां सेगी यांनी नव्याने केले. त्यांच्या सहकाऱ्यांना तिथल्या बोलींची जाण होती, गावांचे जाळे जुन्या संग्रहाहून कितीतरी दाट होते, आणि खंड १९५४ ते १९७३ या काळात निघाले. शेवटच्या खंडात सेगी यांनी एक गोष्ट केली जी जिलिएरों यांना बहुधा आवडली नसती: शेजारच्या दोन गावांत किती उत्तरे वेगळी आहेत हे मोजून त्यांनी गावागावांमधले भाषिक अंतर आकड्यांत मांडले.